बाजाराच्या दिवशी हाक नाही

अक्का, बकऱ्या गेल्या.

आधी हेच सांगते, कारण तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस. कुठूनही घरी आलीस की पाणी प्यायच्या आधी तू गोठ्याकडे वळायचीस आणि सगळ्या आल्या का म्हणून आतल्या माणसाला ओरडून विचारायचीस, "बठ्ठ्या उन्यात का?" आता तिथं कुणी नाही. काट्यांचं कुंपण तसंच आहे, कुंपणातली ती अरुंद फटही तशीच आहे, आणि त्या फटीतून पलीकडचा नाला सरळ दिसतो. एरवी मध्ये कुणीतरी उभं असायचं, म्हणून तो कधी दिसला नव्हता.

मी पिंप्राळ्याला, माझ्या घरी, परत आले आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात जाते, पुस्तकं देते, परत आलेली जागेवर लावते. लोक विचारतात, बहीण कशानं गेली. मी सांगते. सांगून झाल्यावर वाटतं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलले. तुझ्याबद्दल जे सांगायचं आहे ते तुलाच सांगता येईल. पण तू ऐकून घेणारी कधीच नव्हतीस. मध्येच म्हणायचीस, "हां, हां, समजनं. आते भाकर खाय."

तू मला लहानपणी बकऱ्यांमागे न्यायचीस. घरी असले की आई कामाला लावते, म्हणून न्यायचीस. बोरी नदीच्या काठाला बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत मला बसवायचीस आणि स्वतः उन्हात उभी राहायचीस. एकदा एका लहान बकरीनं माझ्या भूगोलाच्या पुस्तकातली पानं खाल्ली. मी रडायला लागले. तू तिच्या तोंडातून उरलेला नकाशा ओढत होतीस आणि हसू आवरत म्हणालीस, "रडू नको वं, शाले. भूगोल खाई गई ती. आते तिले घरना रस्ता सापडी." दुसऱ्या दिवशी तू माझ्याबरोबर शाळेत आलीस आणि गुरुजींना सांगितलंस की पुस्तक तुझ्याकडून हरवलं. तुझी शाळा तेव्हा कधीच सुटली होती. तुला छडी बसणार नव्हती. तरी तू घाबरली होतीस. मी तुझा हात धरला होता, म्हणून मला ते कळलं.

आपल्या दोघींमध्ये सारखं काहीच नव्हतं. तू उंच, मी ठेंगणी. तू बोलकी, मी घुमी. सारखा होता तो फक्त आवाज. आई चुलीपुढून विचारायची, "कोन बोलनं, मोठी का धाकली?" तुझ्या लग्नानंतर मी फोन केला की दाजी "हां, बोल वं" म्हणून घरातलंच काहीतरी बोलायला लागायचे. मी थोडा वेळ ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "दाजी, मी शालू." त्यावर ते इतके ओशाळायचे की पुढचं बोलणंच व्हायचं नाही.

आणि आपलं भांडण. तेही एकच, वर्षानुवर्षांचं, कधी न मिटलेलं.

बाजाराच्या दिवशी तू पहाटेपासून तोंड उघडायची नाहीस. चहा हवा की नको, तेही मानेनं. कुंपणाच्या फटीत तू आडवी उभी राहायचीस, आतून कुणीतरी कळप हाकायचा आणि बकऱ्या एकेक करून तुझ्यापाशी यायच्या. तू त्यांना गुडघ्यानं बाजूला लावायचीस. गाभण आणि दुभत्या उजवीकडे, रानात जायला. भाकड झालेल्या, पायानं अधू, भरलेले बोकड, हे डावीकडे, बाजाराला. डावीकडच्या प्रत्येकाला तू स्वतः धरायचीस. आधी मागचा पाय, मग छातीखालून हात. निसटला तर त्याच्यामागे धावायचीस, काट्यांत पडायचीस, पुन्हा धरायचीस. बाकीचे लोक काय करतात? हाक मारतात. रोजच्या ओळखीचा आवाज ऐकून जनावर आपणहून जवळ येतं, आणि मग गळ्यात दोरी पडते. निम्म्या वेळात काम होतं. तू ते कधी केलं नाहीस. हाकेवर आलेली बकरी त्या दिवशी विकायची नाही, हा तुझा नियम. चुकून एखादी हाकेवर आलीच, तर तिला उजवीकडे सोडून द्यायचीस.

मला हे ढोंग वाटायचं. तसं मी तुला म्हटलंही होतं. "अक्का, शेवट एकच ना? सुरी ती सुरी. हाक मारून नेलं काय आणि धरून नेलं काय."

तू आधी व्यवहाराचं बोलायचीस. "ज्या मांगे राहतस, त्या देखतस. एकदाव फसाडं की संध्याकायले कोनी येवाव नही." मी म्हणायचे, एवढंच असेल तर ठीक. पण एवढंच नव्हतं. एकदा मी फारच ताणलं तेव्हा तू भाकरी थापायची थांबलीस आणि म्हणालीस, "सेवट मना हातमा नही शे. हाक मना तोंडमा शे."

मी विषय बदलला. मी नेहमी तेच करते.

शेवटचं भांडण तुला आठवत असेल. दाजींना लकवा झाल्याला दोन वर्षं होत आली होती, त्यांना दिसतही कमी होतं, आणि तुला नाल्याचा चढ चढताना धाप लागत होती. मी म्हटलं, बकऱ्या विकून टाक, दोघं माझ्याकडे या. तू म्हणालीस, "तठे काय करू? तुना पुस्तकं चारू का?" मी हसले. मग तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "मनं काही व्हयनं ते ह्या बकऱ्या कोन धरी?"

मी चेष्टेनं म्हटलं, "धरायच्या कशाला? मी हाक मारीन. आवाज तर सारखाच आहे."

तू हसली नाहीस. चूल विझत आली होती, तू वाकून फुंकर घातलीस, आणि तो विषय तिथंच राहिला.

तू गेल्यावर बकऱ्यांना कोण सोडत होतं आणि कोण बांधत होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या नाल्यापलीकडे कपाशीच्या वावरात जाऊन राहिल्या. लोक म्हणाले, जनावरांना कळतं, शोक करतायत. मी तसं म्हणणार नाही. तिकडे पऱ्हाट्यांना अजून पाला होता आणि इकडे गव्हाणीत कुणी काही टाकलं नव्हतं.

प्रकाश सुरतेहून आला होता. तुझ्या लेकाला दोष देऊ नकोस. मालकाचे फोन येत होते, यंत्रमागावर दुसरा माणूस बसवतो म्हणून. त्यानं दोनच गोष्टी ठरवल्या होत्या, बकऱ्या विकायच्या आणि बाबांना सोबत न्यायचं. यातली कुठली चुकीची होती, ते मला सांगता आलं नाही. बाजाराच्या सकाळी त्यानं हनीफभाईंना पिकअप घेऊन बोलावलं आणि गल्लीतल्या चौघांना घेऊन तो कळप वळवायला गेला. दोघं पायी, दोघं मोटारसायकलवर.

ते दृश्य तू पाहिलं नाहीस हे बरं. गाड्यांच्या आवाजानं कळप फुटला. काही बांधावरून पळाल्या, काही नाल्यात उतरल्या. पांढऱ्या पायांची ती पहिलटकरीण, पोट ओढत पळत होती, ती दरडीवरून खाली दगडांत पडली. उठायचा प्रयत्न केला तेव्हा तिचा पुढचा पाय भलत्याच बाजूला वळला. प्रकाश तिकडून अडवा म्हणून ओरडत होता, "आडा, आडा, तथाईन आडा!" आणि कुणी दगड मारायला सुरुवात केली.

मी बांधावर उभी होते. आयुष्यात मी कधी मोठ्यानं ओरडले नाही, माझ्या नोकरीत तर कुजबुजणाऱ्यांनाही गप्प करावं लागतं. मी तोंडाला हात लावला आणि तुझी हाक मारली. "हेऽऽ... ये वं माय, येऽऽ."

अक्का, गाड्या थांबल्या. माणसं थांबली. मलाच दचकायला झालं, कारण आवाज माझ्या तोंडातून निघाला असला तरी मागून आल्यासारखा वाटला. आणि बकऱ्या आल्या. नाल्यातून, बांधावरून, पऱ्हाट्यांतून, सगळ्या. घंटेची काळी पुढे होती. ती माझ्यापाशी येऊन थांबली, माझ्या हाताचा वास घेतला, मान वळवून माझ्या मागे पाहिलं. मी तू नाही हे तिला समजलं होतं. तरी ती गेली नाही. मी घराकडे चालू लागले, आणि सगळा कळप मागून आला.

कुंपणापाशी हनीफभाई दोऱ्या सोडवून उभे होते. इतकी वर्षं ते तुझी जनावरं घेत आले. तुझ्याशी सौदा बोटांच्या खुणांनीच करावा लागतो, म्हणून ते तुला बाजारात 'मुकी बाई' म्हणायचे, आणि शेवटची दोरी त्यांच्या हातात गेली की मग तू त्यांना दिवसभराच्या शिव्या एकदम घालायचीस, हे त्यांनीच मला सांगितलं. शांत उभ्या कळपाकडे पाहून त्यांनी विचारलं, "ताई, आवाज कुणी दिला?"

"मी."

त्यांनी दोऱ्या गुंडाळायला सुरुवात केली. प्रकाश चिडला. "चाचा, भरा ना. आते ते बठ्ठ्या उभ्या शेतस."

"तुझ्या आईनं नेऊ दिल्या नसत्या."

"आई गई, चाचा. नियम तिना व्हता."

हनीफभाई माझ्याकडे वळले. "मी धंदेवाला माणूस. तुम्ही म्हणाल तर भरतो. तुम्ही सांगा."

तुझ्या नियमावर माझा विश्वास नव्हता, तुला माहीत आहे. पण काळीचं नाक अजून माझ्या तळहाताला लागलेलं होतं. मी म्हटलं, पुढच्या बाजाराला या. प्रकाश गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि त्यानं मालकाला फोन लावला.

त्या दिवशी एकच गेली. ती पांढऱ्या पायांची. ती हाकेवर आली नव्हती, तिला येताच आलं नव्हतं. हनीफभाईंनी तिला नाल्यातून उचलून आणलं. तुझ्या नियमात ती बसत होती.

मग आठवडाभर मी तुझ्या बकऱ्या राखल्या. नीट राखल्या असं म्हणवत नाही. दोनदा शेजारच्या वावरात शिरल्या, मी बोलणी खाल्ली. दुपारी पुस्तक उघडायचे आणि एकही ओळ न वाचता मिटायचे. ऊन उतरलं की नाल्याकडे तोंड करून हाक मारायचे, आणि त्या यायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या माझ्या मागे पाहायच्या थांबल्या.

बकऱ्यांना फरक कळला होता. दाजींना कळला नाही.

तू गेलीस हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना तुझ्याजवळ बसवलं होतं, तुझ्या कपाळाला त्यांचा हात लावला होता. पण दिवस मावळायला आला की त्यांचं कुठंतरी सुटतं. पहिल्याच संध्याकाळी मी कळप घेऊन आले तेव्हा खाटेवरून ते चांगल्या हातानं अर्धवट उठले आणि म्हणाले, "आज उशीर कया वं." प्रकाश म्हणाला, "बाबा, मावशी शे ती." ते परत आडवे झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी प्रकाशनं काही सांगितलं नाही. दाजी म्हणाले, "तिले चहा ठेव रे, दमी उनी व्हई." त्यानं चहा ठेवला. तो चहा मी दाराबाहेर बसून प्यायले.

त्यानंतर मी घरात बोलणं सोडलं. तुझ्या पुण्यानुमोदनाला माणसं जमली, बौद्धाचार्यांबरोबर सगळ्यांनी वंदना म्हटली. मी पांढऱ्या साडीत मागे बसून नुसते ओठ हलवले. दाजी आतल्या खाटेवर ऐकत होते. संध्याकाळची हाक मात्र मला टाळता येत नव्हती. अंधार पडायच्या आत कळप आत यायला हवा. त्या एका हाकेनं मी रोज बकऱ्यांना खरं सांगत होते आणि त्याच हाकेनं दाजींना फसवत होते. तू असतीस तर काय केलं असतंस, हे मी बांधावर बसून पुष्कळदा विचारलं. तुझ्याकडे यालाही काहीतरी एका ओळीचं उत्तर असतं.

दुसऱ्या बाजाराच्या दिवशी पहाटेपासून मी बोलले नाही. बकऱ्या आत होत्या. मी फटीत आडवी उभी राहिले, प्रकाश आतून हाकत होता. निवड अशी काही नव्हतीच. उजवीकडे कुणी जाणार नव्हतं. तरी मी प्रत्येकीला फटीत थांबवलं, गुडघ्यानं डावीकडे लावलं, आणि धरलं. आधी मागचा पाय, मग छातीखालून हात. त्यांचं काळीज तळहातावर इतकं जोरात आपटतं, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. एरवी मी कुंपणाबाहेर उभी राहून वाद घालत होते. आत उभं राहिल्यावर कळलं की बकऱ्या तुझ्या मुकेपणाकडे पाहत असायच्या. सकाळपासून हाक नाही, एवढीच काय ती सूचना त्यांना मिळत होती. काही मागे सरकल्या, एकीनं काट्यांत उडी घेतली, माझा दंड फाटला. काळी सर्वांत शेवटी आली. ती फटीत आली आणि पाय रोवून उभी राहिली. मी तिला धरलं तेव्हा तिनं अंग आखडून घेतलं, आवाज केला नाही. हनीफभाईंनी तिची घंटा सोडून माझ्या हातात दिली. ती तुझ्या फोटोखाली ठेवावी असं प्रकाशला वाटत होतं. मी ती कोनाड्यात चिंधीत गुंडाळून ठेवली, वाजू नये म्हणून.

यातून सुरी टळली नाही, अक्का. आपलं भांडण आहे तिथंच आहे.

त्या संध्याकाळी हाक मारायला काही उरलं नव्हतं. ऊन उतरलं. दाजी खाटेवरून दाराकडे पाहत होते. अंधार पडल्यावर म्हणाले, "आज ती उनी नही?" प्रकाशनं कंदिलासारखा मोबाईल धरून त्यांना जेवू घातलं. मी बाहेरच बसले होते.

सकाळी सुरतेला जायची जीप आली. प्रकाशनं त्यांचे कपडे पिशवीत भरले, औषधं वर ठेवली. दाजींनी चांगल्या हातानं खाटेचा सुंभ धरून ठेवला. "मी नही येस. ती येई आनि घरमा कोनी नही." प्रकाशनं समजावलं, मग जोर केला, मग ड्रायव्हरला बोलावलं. दोघांनी मिळूनही मूठ सुटेना. सुंभ त्यांच्या बोटांत रुतला होता.

प्रकाश बाहेर माझ्याकडे आला. घामानं भिजला होता. "मावशी, तू फक्त एक आवाज दे. जीपमा बशीन, 'या ना' म्हन. आईना आवाज ऐकीन बाबा उठतीन. मंग मी सांभायी लेस."

त्यानं ते वाईट हेतूनं म्हटलं नाही. निम्म्या वेळात काम झालं असतं.

आवाज माझ्या तोंडात होता. मी घरात गेले आणि खाटेच्या कडेला बसले. काही न बोलता दाजींचा हात हातात घेतला आणि एकेक बोट सुंभावरून उचलू लागले. ते धडपडले. मग त्यांनी दुसऱ्या, लुळ्या बाजूला मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. त्यांना किती दिसलं कोण जाणे.

"शालू शे का?"

मी त्यांचा तळवा माझ्या गालाला लावला आणि होकारार्थी मान हलवली.

ते ऐकत राहिले. अंगणात जीपचं इंजिन चालू होतं. घरात काही आवाज नव्हता, कालही नव्हता. इतकी वर्षं त्यांनी तुझ्याबरोबर काढली होती. त्यांच्या हाताचा ताण हळूहळू गेला.

"आजबी बाजार शे का?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी सुंभ सोडला. मी त्यांच्या छातीखालून हात घातला, तू घालायचीस तसा.